अळणीत मीठ सापडलं

'अळणी' या शब्दात मीठ आहे! भाजीत नाही, शब्दात. मिठाचं आपल्या भाषेतलं जुनं, अस्सल नाव ज्या मोजक्या जागी अजून जीव धरून आहे, त्यातली एक जागा म्हणजे मीठ नसल्याची तक्रार करणारा हा शब्द! हे कळल्यापासून मी परभणीत दिसेल त्याला थांबवून सांगत सुटले आहे. बँकेच्या रांगेत सांगितलं, पिठाच्या गिरणीवर सांगितलं, नानलपेठेत किराणा दुकानदाराला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, खडेमीठ देऊ का बारीक?"

पण ऐका तर खरं. संस्कृतात मीठ म्हणजे लवण. लोकांच्या तोंडी 'लव' चा 'लो' झाला आणि प्राकृतात लवणाचं लोण झालं. ज्यात लवण नाही ते अलवण. त्याचं प्राकृतात अलोण, आणि तेच बोलून बोलून गुळगुळीत होत मराठीत उतरलं: अळणी. आमच्या आत्याबाई पहिला घास तोंडात घालून म्हणतात, "आळणी झाली की गं भाजी, मीठ टाकायचं इसरलीस का?" (आमच्याकडे आळणीच म्हणतात. 'अळणी' म्हणणारा पाहुणा पुण्याकडचा समजावा.) आता गंमत बघा, या एका वाक्यात त्यांनी मिठाची दोन नावं घेतली, एक उघड आणि एक नकळत. उघड घेतलेलं नाव 'मीठ'. नकळत घेतलेलं 'लोण'. आणि खरं नाव ते दुसरं!

कारण मग हे 'मीठ' कोण? मी कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' उघडला, तो 1946 सालचा, टर्नरसाहेबांचा भारतीय आर्यभाषांचा तुलनात्मक कोश धुंडाळला, आणि माझी झोप उडाली. मीठ म्हणजे गोड! मृष्ट, मिष्ट, प्राकृतात मिट्ठ. ज्या शब्दापासून हिंदीचा 'मीठा' आला, 'मिठाई' आली, त्याच शब्दापासून आपलं मीठ आलं. मिष्टान्न आणि मीठ ही सख्खी भावंडं! गुजरातीत तर पडदाही नाही. तिथे 'मीठुं' म्हणजे मीठ आणि 'मीठुं' म्हणजेच गोड, प्रसंग बघून समजून घ्यायचं. परभणीच्या गुजरी बाजारात रोज मराठी आणि उर्दू-हिंदी एकाच तराजूवर तोलल्या जातात. तिथे एक गिऱ्हाईक 'मीठ द्या' म्हणतं आणि दुसरं 'मीठा है क्या' म्हणत टरबूज ठोकून बघतं. एकच शब्द दोन टोकांना उभा आहे आणि मधे कुणीच दचकत नाही.

खारट वस्तूला गोड नाव का दिलं असेल? 'मृष्ट' चा अर्थ नुसता गोड नव्हता, चवदार, रुचकर असाही होता, आणि जेवणाला रुची आणणारं ते मीठ, हा एक सरळ हिशेब. पण मला दुसरा जास्त पटतो. मीठ ही आपल्याकडे जपून बोलायची वस्तू आहे. दिवेलागणीनंतर शेजारणीला मीठ द्यायचं नाही. हातावर हात ठेवून द्यायचं नाही, भांडण होतं. सांडलं तर पायाखाली येऊ द्यायचं नाही. ज्या वस्तूची एवढी धास्ती तिचं नाव थेट कसं घ्यायचं? सापाला रात्री जनावर म्हणतो, कुंकू संपलं तर वाढलं म्हणतो, दिवा विझत नाही, तो मालवतो. तसंच मिठाला गोड म्हणून टाकलं असणार. गुजरातीत मिठाला 'सबरस' असंही एक शुभ नाव आहे आणि दिवाळीनंतरच्या नव्या वर्षाच्या पहाटे ते नाव पुकारत मीठ विकायची चाल आहे, हे वाचलं तेव्हा माझी खात्रीच पटली.

बरं, वस्तूचं नाव गोड झालं. चवीचं काय? चवीला आपण म्हणतो खारट. यात तरी लवण असेल? नाही! खारट आला खारापासून, खार आला क्षारापासून, आणि क्षार म्हणजे मुळात मीठ नव्हेच. तो राखेतून काढायचा. सुश्रुताने क्षार करायची रीत सविस्तर दिली आहे: ठरावीक झाडं तोडायची, जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची, ते पाणी आटवायचं. जे उरतं ते क्षार, जखमेवर लावायचं, गळवं जाळायचं औषध. पापडखार, सज्जीखार, जवखार हे सगळे त्याच घरचे. म्हणजे मराठी माणूस मिठाला म्हणतो 'गोड' आणि मिठाच्या चवीला म्हणतो 'राखेसारखी'. आणि खुद्द मीठ या दोन्ही शब्दांत नाही! मला तर टाळी वाजवावीशी वाटली. घरी कुणी नव्हतं म्हणून वाजवलीही.

इथे एक आडवळण घ्यायलाच हवं. आपल्या सहा चवी बोटांवर मोजा: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. चार 'ट'कारान्त! मळकट, पोरकट, धुरकट यांतही शेवटी तसाच ट वाजतो. म्हणून मला आंबट-खारट नेहमी 'थोडे आंब्लसर', 'थोडे खारसर' असे ऐकू येतात, आणि मग ते पुरेसे वाटत नाहीत म्हणून आपण शेपूट जोडतो: आंबटढाण, खारटढोण, तिखटजाळ, कडूजहर, गोडमिट्ट. त्या गोडमिट्टमध्ये पुन्हा 'मिट्ठ' ऐकू येतो का तुम्हाला? मला येतो, आणि आता तो थांबतच नाही. 'गोड' हा गुळातून आला, गुड, गौड, गोड. आणि 'कडू' ची तर भलतीच तऱ्हा. आयुर्वेदात कटु रस म्हणजे मिरे, सुंठ, आपण ज्याला तिखट म्हणतो ते. कडूला तिथे तिक्त म्हणतात. वाटेत कुठेतरी कटु कडू होऊन बसला आणि तिखटाची जागा तीक्ष्णाने बळकावली. चवींच्या या सगळ्या उलथापालथीत लवणाने मात्र स्वतःची चव सोडली, स्वतःची वस्तू सोडली, आणि तो गायब झाला.

गायब कसला! लपला. मग मी त्याच्या मागे लागले.

पहिला सापडला फडताळात, बरणीत. लोणचं! लोण आहेच की आत, डोळ्यांसमोर, रोज वाढतो आपण. मिठात मुरवलेलं ते लोणचं. आणि बरणीत पुढे काय घडतं ते बघा: दोन-चार दिवसांनी आपण म्हणतो, "लोणच्याला खार सुटला." पाणी सुटलं म्हणत नाही, रस सुटला म्हणत नाही, खार! म्हणजे एकाच बरणीत लवण आणि क्षार, दोन्ही जुने शब्द, कैरीच्या फोडींसोबत मुरत पडलेत. शिवाय क्षार शब्द जुन्यांनी 'क्षर्' या धातूशी जोडला आहे. क्षर् म्हणजे पाझरणं, झिरपणं. खार 'सुटतो' हे क्रियापद आमच्या आज्या-पणज्यांनी काय सुरेख लावलंय! त्यांना धातुपाठ कुणी शिकवला नव्हता.

दुसरा सापडला दृष्ट काढण्यात. बाळाची दृष्ट काढताना आपण मीठ-मोहऱ्या घेतो. पण संतांच्या रचनांत शब्द येतो निंबलोण. मी हा शब्द कीर्तनांत किती वेळा ऐकलाय, 'काहीतरी ओवाळतात' एवढ्यावर सोडून दिलाय. निंब आणि लोण! कडुनिंबाचा पाला आणि मीठ, बस, एवढं साधं. जनाबाईंचं गंगाखेड इथून तासाभराच्या वाटेवर. तिथल्या घाटावर एखादी आजी नातवावरून मिठाची मूठ उतरवते तेव्हा कृती तीच आहे, फक्त लोणाच्या जागी मीठ हा शब्द येऊन बसलाय.

तिसरा पादेलोण. काळं मीठ, पोटाच्या गोळीत असतं ते. त्यातल्या गंधकाच्या वासामुळे या नावावर शाळेत जे विनोद व्हायचे ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण शेपटीला लोण आहे हे त्या हसण्यात कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याचंच भावंड बिडलोण, म्हणजे चरकाच्या यादीतलं विड लवण. त्या यादीत पाच लवणं आहेत: सैंधव, सौवर्चल, विड, औद्भिद आणि सामुद्र. उपासाचं सैंधव तर सगळ्यांना माहीत, सिंधूच्या मुलखातलं म्हणून सैंधव. सिंधूकडचे घोडेही सैंधवच, म्हणून संस्कृत शिकवणाऱ्यांचं ते लाडकं उदाहरण: जेवणाऱ्या माणसाने 'सैंधव आण' म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेल्याने म्हटलं तर घोडा.

मात्र सावध. लोण दिसलं की मीठच, असं नाही. लोणी मिठाचं नव्हे! ते आलं नवनीतावरून; न चा ल झाला आणि दोन शब्द एकमेकांसारखे दिसायला लागले. त्यामुळे गावाचं नाव लोणी असेल तर लगेच मिठाचा शोध लावू नये. पण लोणार? ते मात्र लवणाचंच. बुलडाणा जिल्ह्यात, आमच्या जिंतूरच्या पलीकडे थोडं वायव्येला गेलं की बेसाल्टच्या खडकात उल्केने पाडलेलं पावणेदोन किलोमीटरच्या आसपास व्यासाचं विवर आणि त्यात खारं, क्षारयुक्त पाणी. विष्णूने लवणासुराला मारलं ती जागा, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. त्या तळ्यातून पूर्वी क्षार काढत, आणि त्यांच्या प्रतींना नावं होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. भुसकी! भाषेचं प्रेम आणखी कशाला म्हणतात?

आणि आता ते सांगते, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

परभणीपासून समुद्र सरळ रेषेत 400 किलोमीटर. निजामाच्या राज्याला किनाराच नव्हता. आमच्या काळ्या मातीत ज्वारी येते, कापूस येतो, तूर येते, मीठ येत नाही. मग रेल्वेच्या आधी, डांबरी सडकेच्या आधी, आमच्या पणजीच्या पणजीच्या लोणच्यात मीठ कुठून आलं? बैलांच्या पाठीवरून! कोकणातल्या मिठागरांतून घाट चढून, गोण्या लादलेल्या बैलांचे कळप देशावर यायचे, मीठ उतरवायचे, धान्य भरून परत जायचे. तो सगळा उद्योग म्हणजे 'लदेणी', आणि तो करणारे बंजारा. ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिरा सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरला. त्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत बघितल्याचं लिहून ठेवलंय, आणि त्यांच्यातल्या चार जमातींपैकी एक फक्त मीठच वाहते असंही नोंदवलंय. कल्पना करा, बारा हजार बैल, तेही गाडीला न जुंपलेले, पाठीवर गोणी! तो तांडा समोरून आला तर वाटसरूने किती वेळ थांबायचं?

याच मिठाच्या वाटेवर शिवाजी महाराजांचंही एक पत्र आहे, 1671 सालचं, कुडाळच्या सुभेदाराला. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपली मिठागरं बसतील, तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. बैलांनी कोणत्या घाटाने चढायचं यावर राज्याचा महसूल अवलंबून होता.

आणि या मीठ वाहणाऱ्या लोकांना मराठी मुलखात काय म्हणतात? लमाण! लवण, लवाण, लभान, लमाण. ओठावरचा व ओठावरच्याच म मध्ये मिसळून गेला. तेलंगणात लंबाडा, कर्नाटकात लंबाणी, तिकडे पंजाबात लबाना. व्युत्पत्तीचे बहुतेक जाणकार या सगळ्या नावांच्या मुळाशी लवण आहे असंच सांगतात. ते स्वतःला म्हणतात गोर, गोरमाटी. लमाण हे बाहेरच्यांनी त्यांच्या पाठीवरची गोणी बघून दिलेलं नाव. जिंतूर तालुक्यातल्या तांड्यांवरून एसटी जाते तेव्हा पाटीवर 'तांडा' वाचून मी आजवर सरळ पुढे बघत होते. आता वाचताना बैलांच्या घंटा ऐकू येतात. मिठाचं खरं नाव डब्यावरून गेलं, ताटातून गेलं, आणि आमच्या जिल्ह्यात जिवंत माणसांच्या नावात येऊन राहिलं!

1900 च्या आसपास हैदराबाद ते मनमाड गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे सुरू झाली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशनं तिच्यावरचीच. मीठ डब्यातून यायला लागलं. लदेणी तर त्याआधीपासूनच बसत चालली होती. आणि इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या फिरत्या समाजांवर शिक्का मारायला सुरुवात केली त्यांत पुढे बंजारेही ओढले गेले. महाराष्ट्रात हा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्यांच्या पाठीवरून मीठ आलं त्यांच्याशी लोक खाल्ल्या मिठाला जागले नाहीत. माझा उत्साह या एका जागी जरा अडखळतो, आणि अडखळावाच.

पण परभणीची कमाल अजून बाकी आहे. आमचं कृषी विद्यापीठ 1972 साली सुरू झालं आणि 2013 पासून त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले, अकरा वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. 'नाईक' म्हणजे तांड्याचा प्रमुख. म्हणजे आमच्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या कमानीवर लदेणीच्या तांड्याचा नाईक उभा आहे, आणि आत मृदाशास्त्रवाले मातीतलं मीठ मोजत बसलेत!

मातीतलं मीठ, हो. कारण मीठ समुद्रातून आलं नाही तरी आमच्याकडे खालून वर येतं. पैठणच्या नाथसागरातून जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर वाहत परभणीपर्यंत येतो. काळी जमीन, भरपूर पाणी, निचरा नाही, की खोलवरचे क्षार पाण्यासोबत वर चढतात, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर पांढरे फुलतात. आणि शब्द किती बारीक आहेत बघा. पांढरी फुललेली, नुसते विरघळणारे क्षार साठलेली ती खारवट जमीन. ती निचऱ्याचे चर काढून, गोड्या पाण्याने धुऊन सुधारते. जिच्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलाय, सामू साडेआठच्या वर गेलाय, जी ओली असताना चिकट नि वाळली की दगड, ती चोपण. तिला नुसतं पाणी पाजून उपयोग नाही, जिप्सम घालावं लागतं. प्रयोगशाळेने सामू मोजायच्या आधीपासून शेतकरी चोपण शब्द वापरतोय, आणि चुकत नाहीय.

पाण्याचंही तसंच. विहिरीचं पाणी नुसतं खारं किंवा गोडं नसतं. मधे मचूळ आहे, सवळ आहे. मचूळ म्हणजे तहान भागेल पण समाधान होणार नाही असं. सवळ म्हणजे त्याच्याही पुढचं, ज्यात डाळ शिजता शिजत नाही. आणि ज्यात मीठ नाही त्या पाण्याला आपण म्हणतो गोडं पाणी. थांबा, पुन्हा वाचा: मीठ नसलेलं पाणी 'गोड', आणि मीठ म्हणजेही मुळात 'गोड'! मी हे आमच्या ऑफिसात सांगितलं तर एकाने डबा बंद केला.

खाऱ्या पाण्याचं नाव काढलं की पूर्णेचं खोरं आठवतं, पण इथे पूर्णेचा गोंधळ नको. आमची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, येलदरीच्या धरणातून उतरते आणि पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. दुसरी पूर्णा अकोला-अमरावतीकडची, तापीला मिळणारी, आणि तिच्या खोऱ्यात तो प्रसिद्ध खारपाण पट्टा. खार आणि पाण, खाऱ्या पाण्याचा मुलूख. 1930 साली गांधीजी दांडीला मीठ उचलत होते तेव्हा समुद्रापासून कितीतरी लांब अकोल्याच्या दहिहंड्यात लोकांनी विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. मला ही गोष्ट दांडीपेक्षा जास्त आवडते. किनारा नाही म्हणून अडून बसतो होय आपण?

अळणीकडे एकदा परत जाते, कारण तिचं सध्या काय चाललंय ते सांगायचं राहिलं. मटण शिजवताना मसाला घालायच्या आधी जो हळदीचा फिक्का रस्सा काढून पोरांना वाटीतून देतात, त्याला म्हणतात आळणी. त्यात मीठ असतं! चांगलं चवीपुरतं असतं. नसतं ते तिखट. म्हणजे 'मीठ नसलेलं' या शब्दाने मीठ घातलेल्या पदार्थाला नाव दिलंय आणि खाणाऱ्याला काही खटकत नाही, कारण आमच्या मराठवाड्याच्या हिशेबात येसर-मसाला नसला की सगळं अळणीच. भाषण अळणी असतं, सिनेमा अळणी असतो, वऱ्हाडी नाचले नाहीत तर लग्नही अळणी. मीठ गेलं, मिरची आली, शब्द तोच.

आणि उप्पीट! सकाळी स्टँडसमोर वाफाळतं मिळतं ते. 'उप्पु' हा कन्नड शब्द, तेलुगूतही तोच, अर्थ मीठ. उप्पु आणि हिट्टु, मीठ आणि पीठ. उपमा त्याचाच भाऊ. म्हणजे परभणीचा माणूस सकाळी कन्नडात मीठ खातो, दुपारी प्राकृतात लोणचं, आणि कुणावर चिडला की फारसीत 'नमकहराम' म्हणतो. जुन्या मराठीत तो निमकहराम होता. मला निमक जास्त आवडतं, का ते विचारू नका.

शेवटचा धागा आमच्या शेजारच्या खालांनी हातात दिला. त्या उर्दू शाळेतून शिकवून निवृत्त झाल्या आहेत, आणि माझं मीठपुराण न कंटाळता ऐकणाऱ्या पहिल्याच. मी त्यांना सांगत होते, 'लावण्य' बघा खाला, लवणावरून आलंय, लावण्य म्हणजे मुळात खारेपणा! रूप नुसतं गोरं-गोमटं असून भागत नाही, त्यात मीठ असावं लागतं, तेव्हा ते लावण्य. हिंदीतला 'सलोना' म्हणजे सलवण, मीठ असलेला, अळणीचा नेमका उलटा शब्द. त्या ऐकत होत्या, मग पान लावता लावता म्हणाल्या, "हमारे यहाँ मलाहत कहते हैं ना." अरबीत मिल्ह म्हणजे मीठ. मलीह म्हणजे खारट, आणि मलीह म्हणजेच देखणाही. फारसी-उर्दूत मलाहत म्हणजे खारेपणा, आणि मलाहत म्हणजेच सावळ्या चेहऱ्यावरचं ते खेचून घेणारं रूप. नमकीन हुस्न!

संस्कृत आणि अरबी, एकमेकींशी काहीही नातं नसलेल्या दोन भाषा, दोघींनी आपापल्या वाटेने मिठातून सौंदर्य काढलं! मी खालांना विचारलं, मग गोऱ्या, नुसत्या गोड चेहऱ्याला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, त्याला सबाहत, पण शायर लोकांचा कौल बहुतेक मलाहतीकडेच. मी तिथूनच आत्याबाईंना हाक मारली. आत्याबाईंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं, आणि त्यांनी विचारलं की एवढं सगळं मिठाचं कळलंय तर काल उन्हात घातलेल्या पापडाच्या पिठात खार दुप्पट कुणी टाकला.